मासा मेला म्हणजे पीडा गेली?



गेल्या रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो, तोच वसाहतीतला एक तरुण कार्यकर्ता जवळ आला. म्हणाला, "काका, घरात फिश टँक घ्यायचाय. डिस्कस मासा. दुकानदार सांगतो की टँक ईशान्येला ठेवला तर घरात पैसा टिकतो आणि मासा मेला तर घरावरची पीडा घेऊन जातो. तुमच्याकडे हाच मासा आहे ना? मग घेऊ का?"

पोरगा शिकलेला, शिबिरांना जाणारा, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला. त्याच्या तोंडून हे ऐकून आम्हाला हसू आले नाही, कारण चार वर्षांपूर्वी आमच्याच घरी नऊ दिवसांत सहा डिस्कस मेले होते. तेव्हा आम्हालाही हेच सांगून समजूत घालणारे भेटले होते. म्हणून आजचे सदर या माशासाठी आणि त्याच्या पाण्यासाठी.

झाले असे की आमच्या चिरंजीवांनी दहावीला ७८ टक्के गुण मिळवले. चांगले गुण मिळाले तर मागशील ते देऊ, असे वचन आम्ही देऊन बसलो होतो. त्याने सायकल मागितली नाही, मोबाईल मागितला नाही. बाजारात एका दुकानात त्याने ताटलीसारखा गोल, चपटा, निळ्या-तांबूस रेघांचा मासा पाहिला होता, तो मागितला. बोनस हातात आला त्या संध्याकाळी आम्ही बाप-लेक जाऊन दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचपेटी, रंगीत खडे, हवेचा पंप आणि सहा छोटे डिस्कस घेऊन आलो. एकेका माशाची किंमत आमच्या एका दिवसाच्या पगाराएवढी होती. नळाचे पाणी भरले, मासे सोडले, दिवा लावला. शेजारची मुले रात्री दहापर्यंत काचेला नाक लावून बसली होती.

तिसऱ्या दिवशी मासे काळवंडले आणि एका कोपऱ्यात तोंड घालून थांबले. पाचव्या दिवशी पहिला गेला, नवव्या दिवशी शेवटचा. एक नातेवाईक म्हणाले, "बरे झाले, तुमच्यावरचे त्यांच्यावर गेले." दुसरे म्हणाले, "इतकी पोरे बघायला येत होती, नजर लागली असेल." मुलगा कोणाशी बोलला नाही. रात्री जेवताना त्याने एकच विचारले, "पप्पा, आपण रोज पंचशील म्हणतो. मग हे सहा कोणी मारले?"

आमच्या सहचारिणींनी आमच्याकडे पाहिले. आमच्याकडे उत्तर नव्हते.

हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, ही तथागतांची कार्यकारणाची शिकवण आपण ऐकतो. ती नुसती ऐकण्यासाठी नाही, घरातल्या काचपेटीलाही लावण्यासाठी आहे. मासा मेला तर कारण शोधायचे. पीडा आणि नजर ही कारणे नव्हेत, कारण शोधायचा कंटाळा आला की माणूस ती नावे घेतो. आम्ही कारकून माणूस, हिशेब लागला नाही की झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला दोनशे पानी वही दिली आणि म्हटले, चल, कारण शोधू. वाचनालयातली पुस्तके चाळली, मासे पाळणाऱ्या दोन-तीन अनुभवी माणसांकडे जाऊन बसलो. हळूहळू हिशेब लागला.

तो हिशेब असा. मासा पाण्यातच श्वास घेतो, पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया हे माशाला विषच. नदीत पाणी अफाट असते, म्हणून ते विष साठत नाही. काचपेटीत ते रोज जमेला पडते आणि खर्ची पडायला वाट नसते. ती वाट सूक्ष्म जिवाणू काढतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, पण तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळ कमी घातक असते आणि पाणी बदलले की निघून जाते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर, खड्यांवर वस्ती करतात, पण ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमची पेटी भरून पुरता एक तासही झाला नव्हता. शिवाय नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असते. ते माशाचे कल्ले जाळते आणि उपयोगी जिवाणूही मारते. त्यात पेटी सत्तावन्न लिटरची आणि मासे सहा. आता सांगा, यात नजरेला जागा कुठे राहिली?

आता हा मासा कोण, कुठला, तेही पाहू. डिस्कस मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. हेकेल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पावसाळ्यात तिथे नदी जंगलात शिरते. संथ, कोमट पाण्यात बुडालेल्या फांद्यांच्या आडोशाने हे मासे कळपाने राहतात. तिथले पाणी अतिशय मृदू, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेले, आणि किंचित आम्लधर्मी असते. चपट्या अंगामुळे मासा फांद्यांच्या फटीतून सहज सरकतो. आपल्या दुकानांत येतात ते बहुतेक काचपेटीत पैदास झालेले असतात. थायलंड, मलेशियात याची मोठी पैदास होते, आपल्या देशातही होते. हे मासे नळाच्या पाण्याला थोडेफार सरावलेले असतात. तरी तीन गोष्टी त्यांना लागतातच: २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान, स्वच्छ पाणी आणि सोबत. एकटा-दुकटा डिस्कस भेदरतो, खाणे सोडतो. दोन-तीन ठेवले तर दांडगा दुबळ्याला छळून मारतो. पाच-सहा असले की ती दांडगाई वाटली जाते. म्हणजे हौस करायची तर लहान प्रमाणावर होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

पूर्ण वाढलेला डिस्कस पंधरा ते वीस सेंटिमीटरचा होतो. एका माशाला चाळीस लिटर पाणी धरावे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत अडीचशे लिटरच्या आसपास पाणी मावते, ते पाच-सहा माशांना पुरते. काच दहा मिलिमीटरची घ्यावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पाणी, काच आणि लोखंडी स्टँड मिळून तीनशे किलोच्या वर भार होतो. घर तळमजल्यावर असेल तर चिंता नाही. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर जाणकाराला विचारल्याशिवाय ठेवू नये, आणि ठेवल्यास भक्कम भिंतीलगत ठेवावी. पेटीखाली थर्माकोलचा तक्ता द्यावा, म्हणजे स्टँडच्या उंच-सखलपणाने काच तडकत नाही. ऊन येते तिथे आणि दाराच्या धक्क्यात पेटी नको. दिशा कोणतीही चालते. माशाला ईशान्य कळत नाही, आदळआपट मात्र कळते. १४ एप्रिलला मिरवणूक दारावरून जाते तेव्हा आम्ही दिवा मालवून पेटीवर चादर टाकतो.

तळाशी रंगीत खडे घालू नयेत, त्यात अन्न अडकून कुजते. तळ मोकळा ठेवावा, आडोशाला पाण्यात मुरलेले लाकूड ठेवावे. गाळण्यासाठी हवेच्या पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर पुरतात. ते स्वस्त असतात आणि बिघडत नाहीत. स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्यात. नळाखाली धुतला की जिवाणूंची वस्ती उठलीच म्हणून समजा. हीटर लिटरला एक वॅट या हिशेबाने घ्यावा. उन्हाळ्यात तो फारसा चालत नाही, पावसाळ्यात आणि थंडीत चालतो. मात्र हीटरच्या आकड्यावर विसंबू नये, स्वतंत्र थर्मामीटर ठेवून रोज पाहावे.

विजेबद्दल एक कळकळीची सूचना. पेटीत हात घालण्यापूर्वी हीटरचा स्विच बंद करून प्लग काढायचा. बोर्ड पेटीच्या खाली नको. वायरला खाली झोका द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी बोर्डात न जाता जमिनीवर पडते. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग पाहिजेच. घरात लहान मुले असतील तर हे आधी, मासे नंतर.

आता मुख्य काम, पाणी तयार करण्याचे. पेटी भरावी, फिल्टर सुरू करावा, आणि मासे आणू नयेत. रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे, ते कुजून अमोनिया तयार होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. ओळखीच्या निरोगी पेटीतला वापरलेला स्पंज मिळाला तर काम लवकर होते. थेंब टाकून रंग पाहायची तपासणी बाटली दुकानात मिळते. अमोनिया आधी चढतो, मग उतरतो. त्यामागे नायट्राइट चढतो आणि उतरतो. दोन्ही शून्यावर आले, खाद्य टाकूनही शून्यावर राहिले, की पेटी तयार. आमच्या मुलाने वहीत रोज तारीख, तापमान आणि तिन्ही आकडे लिहिले. एकोणचाळीस दिवस तो रिकाम्या पेटीपुढे बसत होता. लोक हसत, "मासे कुठेत?" तो सांगे, "पाणी पिकतंय."

मासे घेताना डोळे स्वच्छ, रंग उजळ, पाठ भरलेली आणि खाण्यावर झडप घालणारे घ्यावेत. काळवंडलेला, कपाळ खोल गेलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा कितीही स्वस्त मिळाला तरी सोडावा. नंतर कधी नवा मासा आणला तर चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावा. सोबत गोल्डफिश ठेवू नये, तो थंड पाण्याचा मासा आहे. कार्डिनल टेट्रासारखे छोटे मासे चालतात, तेही त्याच मुलखातले. परदेशी पुस्तकांत जनावराच्या हृदयाच्या मांसाचा खिमा सांगितलेला असतो, पण त्याने पाणी फार लवकर नासते. बारीक केलेली कोळंबी आणि चांगले दाणेदार खाद्य आमच्या माशांना मानवले. गटारातून गोळा केलेले जिवंत तांबडे किडे बाजारात मिळतात, त्यांतून रोग येतो, ते टाळावेत. लहान माशांना दिवसातून तीन-चार वेळा, मोठ्यांना दोन वेळा, पाच मिनिटांत संपेल इतकेच घालावे. उरलेले नळीने ओढून काढावे.

यापुढचा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत अवघड होता. आठवड्यातून दोनदा पेटीतले पाव ते तीस टक्के पाणी बदलावे लागते. म्हणजे दर वेळी सत्तर लिटर, आठवड्याला एकशेचाळीस लिटर. आमच्याकडे सकाळी दीड तास नळ येतो. वरच्या मजल्यावर दाब पुरत नाही, म्हणून वरच्या आक्का आमच्या नळावरून दोन हंडे भरून नेतात. दुसऱ्यांदा पेटी भरली त्या आठवड्यात त्या रिकामा हंडा घेऊन दारात उभ्या, आणि आमचा मुलगा पेटीसाठी ड्रम भरत होता. आक्का म्हणाल्या, "माणसाला प्यायला नाय अन् तुम्ही माशाला आंघोळी घालता व्हय रं?"

आम्ही ऑफिसचा डबा भरत होतो. हातातला डबा तसाच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणसाला पाण्याचा हक्क आहे हे सांगण्यासाठी. दर वर्षी त्या दिवशी आम्ही भाषण करतो. आणि आमच्याच दारात एक म्हातारी रिकाम्या हंड्यानिशी उभी.

त्या संध्याकाळी घरात बसून नियम ठरवला. आधी आक्कांचे दोन हंडे, मग आपले पिण्याचे, मग वापरायचे, आणि त्यानंतर उरेल ते शंभर लिटरच्या ड्रममध्ये. तीन दिवसांत ड्रम भरतो. ड्रममध्ये हवेची नळी सोडून चोवीस तास ठेवले की क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात हायपो म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरतात. पेटीतून काढलेले पाणी गटारात जात नाही. नायट्रेट हे झाडांचे खत आहे, म्हणून अर्धे पाणी विहाराच्या अंगणातल्या बोधिवृक्षाच्या रोपाला आणि कुंड्यांना जाते, उरलेल्या पाण्याने जिना आणि संडास धुतला जातो. मासे आम्ही सहा न घेता पाचच घेतले. पाणीकपातीच्या महिन्यांत खाणे कमी करतो, म्हणजे घाण कमी होते, आणि पाणी आठवड्यातून एकदाच बदलतो. त्यापलीकडे भागणार नसेल त्या वर्षी मासे जाणत्या माणसाकडे देऊन टाकायचे, हेही वहीत लिहून ठेवले आहे. बोअरचे जड पाणी गोड करण्यासाठी काही जण आरओ यंत्र लावतात. त्यात एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत तो मार्ग आम्हाला पटत नाही.

पाचही मासे जगले. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या एका जोडीने लाकडावर अंडी घातली. पहिल्या दोन वेळा स्वतःच खाऊन टाकली, तिसऱ्यांदा राखली. साधारण अडीच-तीन दिवसांनी अंडी फुटली, आणखी तीन दिवसांनी पिल्ले पोहू लागली आणि आईबापाच्या अंगाला जाऊन चिकटली. डिस्कसच्या अंगावर या काळात एक दाट स्राव सुटतो, तेच पिल्लांचे पहिले अन्न. नवलाची गोष्ट म्हणजे तो आईच्या अंगावर सुटतो तसा बापाच्याही अंगावर सुटतो. आई थकली की अंगाला झटका देते, आणि सगळी पिल्ले बापाकडे जातात. आमच्या सहचारिणी महिला मंडळाच्या बायकांना बोलावून बोलावून हे दाखवत होत्या आणि आमच्याकडे पाहून हसत होत्या. पेटीतल्या इतर माशांनी पाच दिवसांत सगळी पिल्ले गट्ट केली, एकही वाढले नाही. पिल्ले वाढवायची तर जोडीला स्वतंत्र पेटी हवी, आणि तेवढे पाणी आमच्याकडे नाही. पण ते पाच दिवस आमच्या घरी संध्याकाळी टीव्ही लागला नाही.

आणखी एक चूक लोक सद्भावनेने करतात. कंटाळा आला किंवा जीवदान द्यावे असे वाटले, की पेटीतले मासे तलावात, विहिरीत सोडतात. ही करुणा नव्हे. डिस्कस तिथे बहुधा मरेल. आणि सकरसारखा चिवट परदेशी मासा जगला तर इथल्या माशांच्या आणि कोळ्यांच्या मुळावर येतो, आपल्या राज्यातल्या जलाशयांत ते झालेही आहे. मासा नकोसा झाला तर पाळणाऱ्याला द्यावा, पाण्यात सोडू नये.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. हे सहा कोणी मारले? आम्हीच मारले. शीलात चेतनेला, म्हणजे हेतूला महत्त्व आहे, आणि आमचा मारण्याचा हेतू नव्हता. तेवढ्यावर पहिली वेळ निभावली असे म्हणता येईल. पण कारण कळल्यावरही जो तयार नसलेल्या पाण्यात मासा सोडतो, त्याला अज्ञानाची सबब उरत नाही. आणि मेलेल्या जिवाच्या माथी आपली पीडा बांधून जो मोकळा होतो, तो तर दुसऱ्यांदाही तेच करणार, कारण आपले काही चुकले असे त्याला वाटतच नाही. मुलाला हे उत्तर आम्ही एकोणचाळिसाव्या दिवशी दिले, शून्याचे दोन आकडे वहीत लिहून झाल्यावर.

त्या तरुण कार्यकर्त्याला आम्ही सांगितले, मासा जरूर घे. पण आधी घरच्यांना विचार, नळाखाली बादली लावून दीड तासात किती पाणी येते ते मोज, शेजारी कोणाचा हंडा रिकामा राहतो का ते बघ. मग पेटी घे, आणि पेटी घेतल्यावर सहा आठवडे थांब. एवढे जमणार नसेल तर डिस्कसचा नाद सोड, त्यात कमीपणा काही नाही. सहा आठवडे थांबण्याची तयारी असेल तर ये, आमच्या पेटीतला एक स्पंज देतो. आमचा पहिला स्पंजही असाच दुसऱ्याने दिलेला होता.

मंगळवारी तो आला. हातात पिशवी नव्हती, दोनशे पानी वही होती.

जयभीम! नमो बुद्धाय!